आधी ऊन अडवा, मग वारा आत घ्या: गोव्यातल्या घराची वीज वाचवायला सुरुवात कुठून करावी

आमचे घर फोंड्याजवळ आहे. अर्धे जुने, अर्धे नवे. जुन्या भागावर मंगळुरी कौले, दीड हात जाड चिऱ्यांच्या भिंती आणि मधे छोटेसे राजांगण. नवा भाग वीस वर्षांपूर्वी वाढवला, त्यावर काँक्रीटचा स्लॅब. मे महिन्यात रात्री नऊला माजघरातून नव्या खोलीत पाऊल टाकले की तापलेल्या तव्याशेजारी उभे राहिल्यासारखे व्हायचे. घर एक, अंगण एक, माणसे तीच. तरी एका भागात पंखा पुरतो आणि दुसऱ्यात एसी लावूनही झोप लागत नाही. वीज वाचवण्याबद्दल जे काही शिकलो ते या दोन भागांतला फरक बघून.

हा लेख नवख्यांसाठी आहे. नवीन फ्लॅट घेतलेले, नोकरीसाठी घाटावरून गोव्यात आलेले, वडिलोपार्जित घर पहिल्यांदाच स्वतःच्या हाती घेतलेले, असे सगळे. गोव्याचा स्वतःचा मोठा वीजप्रकल्प नाही. आपल्या दिव्यात जळणारी वीज बहुतेक सगळी बाहेरच्या राज्यांतल्या केंद्रांतून उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून येते. छत्तीसगडमधल्या तमनारच्या वीजवाहिनीवरून सह्याद्रीतल्या मोलेच्या जंगलाचा केवढा वाद झाला, ते गोव्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. आपली मागणी जितकी वाढेल तितका त्या डोंगरांवरचा भार वाढणार. मला बिलाइतकेच हेही महत्त्वाचे वाटते.

पहिली पायरी: मीटरशी ओळख

काहीही विकत घेण्याआधी वीज खात्याची गेल्या बारा महिन्यांची बिले काढा आणि महिन्यापुढे युनिट लिहा. आपल्याकडे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली 100 युनिट सर्वांत स्वस्त, मग 200, 300 आणि 400 पर्यंतचे टप्पे, आणि 400 च्या वर सर्वांत महाग. म्हणून 340 युनिट जाळणाऱ्या घराने 60 वाचवली, तर ती वरच्या, महाग टोकाची वाचतात. बचतीचा हिशेब सरासरी दराने करू नका, तुमच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने करा.

आता मीटरजवळ जा. नव्या पद्धतीच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर 3200. अर्थ असा, की दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल तर तो घ्या. एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा, त्याला 60 ने गुणा आणि त्या आकड्याने भागा. त्या क्षणी घर किती किलोवॅट घेते आहे ते कळते.

मी हे एका रात्री सगळे झोपल्यावर केले. दिवे, पंखे बंद, आणि फ्रिजचा प्लगही पाच मिनिटांसाठी काढलेला. म्हणजे घर पूर्ण शांत. तरी दिवा मिनिटाला पाच वेळा लुकलुकत होता. पाच गुणिले 60 भागिले 3200, म्हणजे जवळपास 94 वॅट. काहीही चालू नसताना! ते चोवीस तास धरले तर महिन्याला 67 युनिट होतात.

मग एकेक प्लग काढत गेलो. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स काढला, एक लुकलुक कमी झाली. तो रिमोटने बंद केला तरी आत जागाच असतो. इन्व्हर्टर काढला, दोन कमी झाल्या. उरलेल्या दोन कुठल्या ते कळेना. सगळ्या खोल्या फिरलो. शेवटी आईच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराखालून पिवळी रेघ दिसली. आत साड्यांच्या खाली 40 वॅटचा बल्ब. पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून लावलेला, नोव्हेंबर उजाडला तरी जळतच होता.

सेट टॉप बॉक्स आणि टीव्ही आता एका बटनाच्या बोर्डावर आहेत, झोपताना बटन बंद. इन्व्हर्टर मात्र बंद करून ठेवू नका, बॅटरी खराब होते. आमची बॅटरी सहा वर्षांची झाली होती आणि सतत चार्जिंग खेचत होती. ती बदलल्यावर दोनाची एक लुकलुक झाली. बॅटरीत वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घाला. कपाटाच्या बल्बाचे पुढे सांगतो, कारण ते प्रकरण ओलीचे आहे.

मीटरचे सील किंवा त्यामागच्या वायरींना हात लावायचा नाही, फक्त बघायचे. घरात जुनी लाकडी पट्टीतली वायरिंग असेल तर आधी परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. गळतीला वीज तोडणारा ब्रेकर बसवलेला नसेल तर बाकी सगळे सोडून तो बसवा.

दुसरी पायरी: छप्पर

सर्वांत जास्त वेळ आणि पैसा इथे घाला. कारण समजून घ्यायचे तर सूर्याकडे बघावे लागेल. गोवा साडेपंधरा अक्षांशांच्या आसपास आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, अंगणातल्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी गोळा होते. त्या दिवसांत भिंतींना दुपारी फारसे ऊन लागत नाही, सगळे छपरावर पडते. भिंतींपैकी मार खाते ती पश्चिमेची, तिन्हीसांजेपर्यंत. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ही उष्णता पितो आणि आपण झोपायला जातो तेव्हा खाली सोडतो. एसी त्या स्लॅबशी मध्यरात्रीपर्यंत झुंजत असतो.

कौलांचे तसे नाही. मंगळुरी कौल पातळ, लवकर तापते तसे लवकर निवते, आणि दोन कौलांमधल्या फटींतून वर साठलेली गरम हवा निघून जाते. म्हणून जुन्या घराची कौले उतरवून पत्रे घालायचा विचार असेल तर कृपा करून आणखी एकदा विचार करा. कौले शाकारायला माणसे मिळत नाहीत, माकडे कौले फोडतात, ही अडचण खरी आहे. पण पत्र्याखाली मे महिना काढणे त्याहून अवघड आहे. कौलांखाली फॉल्स सीलिंग करायचे असेल तर दोन्ही टोकांना जाळीची भोके ठेवायला सांगा. नाहीतर कौलातून बाहेर पडणारी हवा आत कोंडली जाते.

स्लॅब असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला स्वस्त: पांढरा रंग. चुना डिंक घालून दोन हात मारला तरी फरक पायाला कळतो. दुपारी दोनला टेरेसवर अनवाणी उभे राहून बघा, नुसत्या सिमेंटवर उभे राहवत नाही आणि चुन्यावर राहवते. पण आपल्याकडचा पाऊस चुना धुऊन नेतो, म्हणून तो दरवर्षी मारावा लागतो. उन्हाची परतफेड करणारे खास पांढरे रंग मिळतात, ते महाग असले तरी जास्त टिकतात. पांढऱ्या फुटक्या टाइल्सची चायना मोझॅक सर्वांत टिकाऊ. कुठलाही मार्ग घ्या, पावसाने धरलेले काळे शेवाळ ऑक्टोबरात ब्रशने घासून काढा. काळवंडलेला पांढरा रंग निम्मे काम विसरतो.

दुसरा मार्ग तुम्ही गावोगावी बघितला असेल: टेरेसवर लोखंडी सांगाडा आणि वर पत्रे. लोक तो गळती थांबवायला घालतात, पण त्याने स्लॅबवर सावली पडते आणि खालच्या खोल्या स्पष्ट थंड होतात. आमच्या नव्या भागाचा जीव यानेच वाचवला. अट एकच, चारही बाजू उघड्या ठेवा. बाजू बंद करून कोठार केले की पत्र्याखालची गरम हवा तिथेच बसते. पत्रे फिक्या रंगाचे घ्या, आणि काम सुरू करण्याआधी पंचायतीची किंवा पालिकेची परवानगी काढा.

फ्लॅटवाल्यांनो, तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर असाल तर सोसायटीच्या सभेत टेरेस पांढरा करण्याचा विषय मांडा. मधल्या मजल्यावर असाल तर छपराची चिंता नाही, तुमची लढाई पश्चिमेच्या खिडकीशी आहे.

त्या खिडकीसाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ऊन काचेच्या बाहेर अडवायचे. आतला जाड पडदा उशिरा काम करतो, तोवर काचेतून उष्णता आत आलेली असते. बाहेरून बांबूची चीक, छज्जा, शेडनेट, वेल, काहीही चालेल. आमच्या आजोबांनी पश्चिमेला बाल्कांव (छप्पर असलेली पुढची ओसरी) काढला होता आणि त्यापुढे दोन माड. तेव्हा मला ती फक्त संध्याकाळी बसायची जागा वाटायची.

तिसरी पायरी: वारा

सोलापूरहून बदली होऊन आलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी सामानासोबत मोठा कूलर आणला होता. तिकडे त्यावर त्यांचा सगळा उन्हाळा निघायचा. इथे दोन रात्रींत चादरी दमट झाल्या आणि उकाडा होता तसाच राहिला. कूलर पाणी वाफ करून हवा थंड करतो. गोव्याच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की तिला आणखी फारसे पाणी घेता येत नाही. गोव्यात कूलर घेऊ नका, आणि कोणी फुकट दिला तरी बंद खोलीत लावू नका.

इथे अंगाला सुख देतो तो वाहता वारा. घाम वाळला तर 30 अंशही सोसतात. त्यामुळे प्रत्येक झोपायच्या खोलीला समोरासमोर दोन वाटा हव्यात: एक वारा आत यायला, दुसरी बाहेर जायला. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिम-वायव्येकडून येतो. रात्री उशिरा आणि पहाटे तो मंदपणे जमिनीकडून समुद्राकडे वळतो. खिडकीत उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते दुपारी एकदा आणि पहाटे एकदा बघा. कोणती झडपे कधी उघडायची ते तुमच्या घरापुरते कळेल.

दिवसा अकरा ते चार उन्हाकडच्या खिडक्या बंद, सावलीकडच्या उघड्या. संध्याकाळी सगळ्या उघडाव्यात तर डास येतात, म्हणून तासभर बंद ठेवा आणि आठनंतर उघडा. खिडक्यांना जाळी हवीच, पण ती धुतली पाहिजे. जाळीच्या भोकांत धूळ आणि समुद्रकाठच्या गावांत मिठाचा थर बसतो, आणि अर्धा वारा तिथेच अडतो. ब्रश आणि साबणाचे पाणी, महिन्यातून एकदा.

दारांच्या वरची जाळीदार फळी बंद करू नका. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट रात्री जेवणानंतर अर्धा तास चालवला तर घरातली कोंडलेली हवा बाहेर जाते आणि बाहेरची थंड हवा खिडक्यांतून आत ओढली जाते. एक एक्झॉस्ट एका एसीच्या तुलनेत काहीच वीज खात नाही.

चौथी पायरी: ओल

घाटावरच्या कुठल्याही वीजबचतीच्या लेखात ही पायरी सापडणार नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पावसाची झड असते. कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांना पांढरी बुरशी येते, पुस्तकांची पाने फुगतात. मग माणसे विजेने ओल मारायला बघतात.

कपाटातल्या बल्बाचा हिशेब करू. 40 वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला जवळपास 29 युनिट. चार महिन्यांत 115. दोन कपाटे असली तर दुप्पट. तिथे एलईडी लावून उपयोग नाही, कारण कामाची असते ती बल्बाची उष्णता. आम्ही असे केले: कपाट पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवरून हलवून आतल्या भिंतीला लावले आणि मागे चार बोटे जागा सोडली. आत कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे ठेवले. ते पाण्याने भरतात, महिन्या-दीड महिन्याने बदलावे लागतात. मुलांचा हात पोचणार नाही असे ठेवा. पावसाने उघडीप दिली की दोन्ही दारे उघडून तासभर समोर पंखा. आईचा बल्बावरचा विश्वास काही पूर्ण गेला नाही, म्हणून तो टायमरवर घातला: दुपारी दोन तास. साड्या चांगल्या आहेत.

ओले कपडे एसी चालू असलेल्या खोलीत कधीच वाळत घालू नका. एसी खोली थंड करतो तसा हवेतले पाणीही पिळून काढतो, आणि ते पिळायला वीज लागते. एका लिटर पाण्यामागे साधारण पाव युनिटाच्या जवळ. एकदा एसीच्या निचऱ्याच्या नळीखाली बादली ठेवून बघा. रात्रभरात पाच लिटर जमले तर एक युनिटाहून जास्त वीज फक्त हवा पिळण्यात गेली. ते पाणी कुंड्यांना घाला, बॅटरीत नको. कपड्यांसाठी पडवीत दोरी आणि वर एक पंखा एवढेच लागते. पडवी नसेल तर एका खोलीत खिडकी उघडी ठेवून पंखा लावा. मशीनमध्ये शेवटचा पिळणीचा फेरा सर्वांत जास्त वेगाने ठेवा. मोटरने पाणी काढणे हे उष्णतेने काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

पाचवी पायरी: पंखे आणि दिवे

आता खरेदी. पहिली पंख्यांची, कारण गोव्यात पंखा वर्षाचे दहा महिने फिरतो. जुना छताचा पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरचा नवा पंखा साधारण 30 वॅट. रोज बारा तास धरले तर महिन्याला 27 युनिटांच्या जागी 11. जो पंखा सर्वांत जास्त फिरतो, तो आधी बदला, सगळे एकदम बदलायची गरज नाही. पाहुण्यांच्या खोलीतला जुना तसाच राहू द्या. बीएलडीसी पंख्याचा आणखी एक गुण: इन्व्हर्टरवर तो दुपटीहून जास्त वेळ चालतो. जूनच्या पहिल्या वादळात माडाचे चुडत तारांवर पडून रात्रभर वीज जाते, तेव्हा त्याची किंमत कळते.

दिव्यांचे थोडक्यात. चोकवाली जुनी ट्यूब 50 ते 55 वॅट खाते, एलईडीची 20. बदलून टाका. देवघर, जिना, अंगण इथे रात्रभर जळणारा दिवा असेल तर तिथून सुरुवात करा. आणि कौलारू घरात दिवसा दिवा लावावा लागत असेल तर मधे एखादे काचेचे कौल बसवा.

सहावी पायरी: एसी, घ्यायचाच असेल तर

वरच्या पायऱ्या करून झाल्यावर एखाद्या खोलीत एसी हवासा वाटला तर जरूर घ्या. घरात म्हातारी माणसे, लहान मूल असेल तर तो चैनीचा विषय नाही. पण आता तो लहान घेतला तरी चालेल आणि कमी वेळ चालेल.

दुकानात ताऱ्यांच्या आधी लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक करते, त्यामुळे काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत. एसीच्या लेबलवरचा आकडा वर्षाला 1600 तास धरून काढलेला असतो. रोज आठ तास, सात महिने म्हणजे 1680 तास. गोव्यातल्या झोपायच्या खोलीला तो अंदाज बराचसा जुळतो. इन्व्हर्टर प्रकारचाच घ्या, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा; बॅटरीच्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही.

समुद्रापासून जवळ राहत असाल तर तांब्याची आणि संरक्षक लेप दिलेली कॉइल मागा. माझ्या मावसबहिणीच्या घरी, किनाऱ्याला लागून, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या जाळ्या तीन पावसाळ्यांत चुरा झाल्या. विकणाऱ्याने लेपाचा विषयच काढला नव्हता. गंजलेली कॉइल थंडावा देत नाही आणि कॉम्प्रेसर दमेपर्यंत चालत राहतो. खाऱ्या वाऱ्याच्या गावात मेन स्विच बंद करून बाहेरचे युनिट साध्या पाण्याने हलकेच धुण्याची सवय ठेवा.

2020 पासून नवे तारांकित एसी सुरू करताच 24 अंशांवर सुरू होतात. ते तसेच राहू द्या, जमले तर 26 करा आणि सोबत पंखा मंद ठेवा. ब्युरोच्या म्हणण्यानुसार एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते. पावसाळ्यात उकाडा कमी आणि दमटपणा जास्त असतो, तेव्हा रिमोटवरचा ड्राय मोड वापरा. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. दाराच्या खालच्या फटीला ब्रशची पट्टी लावा, कारण त्या फटीतून गरम हवेबरोबर ओलही येते, आणि तिचा खर्च तुम्ही बादलीत बघितला आहे.

सातवी पायरी: स्वयंपाकघर आणि न्हाणी

फ्रिजच्या मागे वीतभर जागा सोडा. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर बदला. फ्रीझरात अर्धा सेंटीमीटर बर्फ जमला की काढून टाका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते म्हणून बरेच जण मे अखेर वेगळा डीप फ्रीझर भरून ठेवतात आणि तो मग वर्षभर चालू राहतो. आपल्या पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, जुनी रीत विजेशिवायची होती: सुकी सुंगटे, खारवलेले बांगडे, उन्हात वाळवलेली सोले. डीप फ्रीझर असेलच तर नारळीपौर्णिमेनंतर रिकामा करून बंद करा.

उकडे तांदूळ शिजायला वेळ आणि गॅस दोन्ही खातात. ते दोन तास आधी भिजवा. आई भांडे खदखदून पंधरा मिनिटे उकळते, घट्ट झाकण घालून उतरवते आणि जुन्या गोधडीत गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवते. दीड तासाने शीत मऊ होते, मग पेज काढून थोडी वाफ देते. गॅस निम्म्याहून कमी लागतो आणि करपत तर कधीच नाही.

पाणी तापवणे हा मोठा खर्च आहे, पण गोव्यात नळाचे पाणी बहुतेक वर्षभर कोमटच असते. 15 लिटरची बादली 26 अंशांवरून 42 वर न्यायला पाव युनिटाहून थोडे जास्त लागते. 25 लिटरचा गिझर 65 अंशांपर्यंत तापवला तर एक युनिटाहून जास्त, आणि मग त्यात गार पाणी मिसळायचे. म्हणून थर्मोस्टॅट 50 च्या आसपास ठेवा आणि अंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटे चालू करा, दिवसभर नको. आवारात माड असतील तर न्हाणीतले पाणी तापवायचे तांब्याचे भाण मोडीत काढू नका. जळणाला नारळाची सोडणे, करवंट्या, माडाचे पिडे असेही पडून असतात. फक्त धुराला नीट वाट हवी; घरात धूर कोंडत असेल तर त्यापेक्षा गिझर बरा.

विहिरीवर पंप असेल तर टाकीला तरंगत्या चेंडूचा स्विच बसवा. टाकी ओसंडून वाहते तेव्हा पाण्याबरोबर वीजही वाहते. पंपाला दर वेळी पाणी पाजावे लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप) गळतो आहे.

आठवी पायरी: सौर पॅनल, आणि ते शेवटी का

बरेच जण इथूनच सुरुवात करतात. आमचे महिन्याचे सरासरी 340 युनिट होते तेव्हा 3 किलोवॅटचे पॅनल सुचवले गेले होते. वरचे सगळे करून झाल्यावर सरासरी 200 च्या खाली आली आणि 2 किलोवॅटमध्ये भागले. देशात साधारण 1 किलोवॅटमागे दिवसाला 4 युनिट सरासरी धरतात. आपल्याकडे पावसाळ्यात ती बरीच खाली जाते आणि जानेवारी ते मे भरून काढते. नेट मीटरमुळे (येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारा मीटर) जास्तीची वीज ग्रिडमध्ये जमा होते.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30,000 रुपये आणि 3 किंवा अधिक किलोवॅटला एकूण 78,000 रुपये केंद्राचे अनुदान ठरले. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, त्यात वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक लागतो, पुढची मंजुरी आणि नेट मीटर वीज खात्याकडून. अर्ज करण्याआधी सध्याचे नियम पोर्टलवर वाचून घ्या. बिल आणि घराची कागदपत्रे एकाच नावावर आहेत का ते आधी तपासा. वडिलोपार्जित घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर असतो आणि सगळे तिथेच अडते. आमचे चार महिने त्यातच गेले.

एक गैरसमज दूर करतो. बॅटरी नसलेली ग्रिडला जोडलेली यंत्रणा वीज गेल्यावर बंद पडते, डोक्यावर कडक ऊन असले तरी. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या पॅनलची वीज लागू नये म्हणून तसे केलेले असते. तेव्हा जुना इन्व्हर्टर मोडीत घालू नका.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण 15 अंश कललेले. स्लॅबवर सांगाडा बसवलात तर त्याचीच सावली छपराला मिळते. किलोवॅटला शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा धरा. जागा ठरवायच्या आधी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला टेरेसवर जाऊन माडांच्या सावल्या खडूने आखा. पॅनल ओळीने जोडलेले असतात, त्यामुळे एकावर झावळीची सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटते. आणि माड पॅनलच्या वर झुकलेला असेल तर जागा बदला. वरून नारळ पडला तर काच राहत नाही. आमच्या दक्षिणेच्या माडाखातर पॅनल पाच फूट पूर्वेला सरकवले, माड तसाच आहे.